चौतीस नंबरची वाडी

वैशाखात आमच्या बोरदऱ्यात पाणी हंड्यानं भरत नाहीत, वाटीनं भरतात. वाडीच्या खाली ओढ्याच्या कातळात एक खोबण आहे, तिला आम्ही झिरा म्हणतो. तिथं करंगळीएवढं पाणी पाझरतं. बाईनं कातळावर पालथं पडायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा, वाटी भरून काढायची नि हंड्यात ओतायची. एका हंड्याला पाऊण तास लागतो आणि रांगेत वीस बायका असतात. माझी बायको इंद्रायणी तांबडं फुटायला घरातून निघायची, ती ऊन डोक्यावर आल्यावर माघारी यायची. कोपरं सोलवटलेली, पोटाशी साडी गाळानं माखलेली. आणि एवढं करून आणलेलं पाणी कसं, तर पत्ती न टाकता चहाच्या रंगाचं.

तुम्ही म्हणाल, मग तू काय करायचास? मी सरकारी माणूस, राव. कोतवाल. खांद्याला पिशवी, पायात टायरच्या चपला, मला पाणी भरायला वेळ कुठला! खोटं कशाला बोलू, वेळ होता. लाज वाटायची.

कोतवाल म्हणजे लई मोठा हुद्दा समजू नका. तलाठ्याच्या नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, वाडीत कुणी जन्मलं, कुणी मेलं, तर खाली मूळगावात ग्रामसेवकाला खबर द्यायची. आणि कुठल्याही खात्याचा माणूस वही घेऊन डोंगर चढून आला, की त्याच्यापुढं चालायचं. त्यामुळं वाडीनं कुणाला काय सांगितलं, ते सगळं मला तोंडपाठ.

फॉरेस्टचा गार्ड आला की वाडीत औषधाला शेळी नसायची. साठ शेळ्या करवंदीच्या जाळीमागं तोंडं बांधून उभ्या. तोच जनावरांचा डॉक्टर लस घेऊन आला की अंगणात पाय ठेवायला जागा नाही. घरपट्टीवाल्याला आमच्या शेजारच्या तीन भावांची चूल एक. रेशनवाल्याला त्याच तीन भावांच्या चुली चार. चौथी कुणाची, तर मेलेल्या बापाची. मी मध्ये उभा राहून सगळ्यांसमोर मान हलवायचो. सरकार काय एक थोडंच असतं? दहा घरची दहा सरकारं, एकाचं तोंड दुसऱ्याकडं नाही. ज्याला जे गोड लागंल ते त्याच्या पानात वाढायचं, अशी आमची रीत होती. आम्हाला वाटायचं, आपण लई हुशार.

दोन हजार तीन साल होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. घोडेगावच्या तालुका कचेरीतून सांगावा आला, वाड्यांच्या टँकरची यादी ठरायचीय, कोतवालानं हजर व्हावं.

तिथं एक नवा साहेब आला होता. प्रबुद्ध नाव. जुन्नरकडचाच, तिशीच्या आतला, चष्मा सारखा घसरायचा. त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, पण माझी नजर गेली ती भोवतीच्या वह्यांवर. नर्सबाईचं रजिस्टर होतं, अंगणवाडीचं होतं, रेशनच्या याद्या, मतदारयाद्या, घरपट्टीचा खरडा. प्रत्येक खात्याची वही त्यानं मागून आणली होती. कारकून म्हणत होता, "या साहेबानं प्रत्येकाच्या दारात भिक्षा मागितली, वही मागायला."  या वह्या एका टेबलावर मी जन्मात कधी बघितल्या नव्हत्या.

"बोरदरा ना तुमची?" साहेब म्हणाला. "बसा. अकरा टँकर मंजूर आहेत. वाड्या एकेचाळीस. सगळ्या खात्यांचे आकडे एकत्र करून मी गुण लावलेत. माणसं किती, पाणी किती लांब, पाण्यानं किती जण आजारी पडले, किती दगावले. बोरदरा चौतीस नंबरवर आहे."

"चौतीस? मंग आमच्या खाली कोन हाय, साहेब?"

"ज्यांच्या दारात नळ आहे ते."

मला रागच आला. म्हटलं, "साहेब, आमच्या बाया वाटीनं पानी भरत्यात. एक डाव येऊन बघा."

"आलो होतो. रविवारी. तुम्ही नव्हता." त्यानं चष्मा वर केला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. अंतराचे गुण तुम्हाला पुरे दिलेत. तुम्ही मार खाता तो इथं." त्यानं बोट ठेवलं तिथं शून्य होतं. "चार वर्षांत पाण्याच्या आजारानं एक मयत नाही. लहान मूल तर एकही गेलेलं नाही. त्या झिऱ्याचं पाणी पिऊन?"

"देवाची किरपा, साहेब."

तो हसला नाही. त्यानं तीन वह्या शेजारी-शेजारी उघडल्या. "ही नर्सबाईंची. चार पोरांना पहिला डोस दिलाय, एकदोघांना दुसरा. पुढं रकाना कोरा. ही अंगणवाडीची. याच चार पोरांचं वजन दर महिन्याला दीडशे ग्रॅमनं वाढतंय, सगळ्यांचं सारखंच. आणि या रेशनच्या यादीत चौघांची युनिटं चालू. एकेक वही बघितली तर सगळं ठीक दिसतं, कुंडलिक. तिन्ही शेजारी ठेवल्या की पोरं सापडत नाहीत. कुठं आहेत ही?"



त्यानं पहिलं नाव वाचलं. "समृद्धी कुंडलिक. ही तर तुमचीच."

 मी म्हणायला पाहिजे होतं, साहेब, ती गेली. दोन शब्द होते. पण खबर द्यायचं काम कुणाचं होतं? माझंच. तीन वर्षं दिली नाही, का नाही दिली, असं विचारलं तर? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मामाकडं असती, साहेब. मंचरला. बाकीची पन तशीच, कोन आत्याकडं, कोन मावशीकडं."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मग पेन उचलून चारही नावांपुढं ‘स्थलांतरित’ आणि मी सांगितलेलं ठिकाण लिहिलं. "ठीक आहे. शुक्रवारी यादी वर जाईल. तोवर काही आठवलं तर या."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. आजवर सगळ्या खात्यांना थापा मारल्या, पण मेलेलं पोर मामाच्या घरी धाडलं, हे पहिल्यांदाच.

माझी पोरगी गणपतीत जन्मली आणि आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी गेली. आठ महिन्यांची होती. वैशाखच होता तेव्हाही, पाणी हेच होतं. सकाळपासून जुलाब. दुपारी डोळे आत गेले, टाळू खोल बसली, रडायचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा बारीक झाला. माझ्या आईनं, ठकूबाईनं, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दृष्ट लागली म्हणाली. ऊन उतरेपर्यंत पोरगी संपली.

आमच्याकडं दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. त्याचं सुतक धरत नाहीत. ना तिसरा, ना दहावा, ना कुणाला सांगावा. आलं नि गेलं, असं म्हणायचं. मी ओढ्याच्या वर जांभळाखाली कुदळीनं खड्डा खणला. आई म्हणाली, "दात न्हवतं तिला. खबर देऊ नगंस खाली. सुतक न्हाई त्याची खबर कसली?" मला ते पटलं. सुतक नाही म्हणजे मयत नाही, असं मी मनाशी धरलं. आधी वाडीतली तीन लेकरं अशीच गेली होती, त्यांची तरी मी कुठं दिली होती? दुसऱ्या दिवशी आखिती. पितरांच्या नावानं मातीच्या केळी, म्हणजे छोट्या घागरी, पाण्यानं भरून ठेवल्या आम्ही. पाणी त्याच झिऱ्याचं.

इंद्रायणी रडली नाही, म्हणजे रडू दिली नाही. आई म्हणायची, "बिनदाताच्या लेकरासाठी रडलं की कूस उजवत न्हाई." दुसऱ्या दिवशी ती हंडा घेऊन रांगेत होती. आणि मग अंगणवाडीच्या ताईनं नाव काढलं नाही, कारण तिची पटसंख्या घटली असती. रेशनवाल्यानं काढलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नाही. समृद्धीच्या नावानं सुकडीची पाकिटं येत राहिली. आम्ही ती खाल्ली. काय सांगू, गोड लागायची. भुकेला कुठं कळतंय ते कुणाच्या नावचं आहे.

कचेरीतून घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. मी आईला आणि इंद्रायणीला चौतीस नंबरचं सांगितलं. वह्यांचं सांगितलं. मंचरचं सांगितलं नाही.

"म्हंजी चार लेकरं गेल्याली लिवली तर टँकर ईल?" इंद्रायणीनं विचारलं.

"ईल म्हनून कोन लिवून देतंय? पन नंबर वर जाईल."

आई चुलीपुढून खेकसली, "मेल्याली उकरून पानी मागायचं व्हय रं? कुठलं पाप डोक्यावर घेतोस?"

इंद्रायणी पीठ मळायला बसली होती. परातीत पीठ होतं, ती त्यातच बोटं फिरवत बसली.

संध्याकाळी पारावर चार घरची माणसं जमवली. माझ्याशिवाय तीन घरं. शेजारचा गोरख, ज्याची थोरली पोरगी सहा महिन्यांची जाऊन चार वर्षं होत आली होती. चिमाजी, त्याचा नातू गेलेला. आणि गेणभाऊ, त्याची नात. मी साहेबाच्या वह्यांचं सांगितलं, म्हटलं, चार मयतीच्या नोंदी करू, अंगठे द्या, नंबर वर जाईल.

"बिनदाताच्या लेकराची खबर?" चिमाजी म्हणाला. "माझ्या बापानं दिली न्हाई, आज्यानं दिली न्हाई. आलं नि गेलं."

गेणभाऊ म्हणाला, "युनिट जाईल त्याचं काय? रॉकेल आधीच चिमणीपुरतं मिळतंय."

गोरख उठून उभाच राहिला. तरणाबांड गडी, बोलायला लागला की गळ्याची शीर फुगायची. "कोतवाल, ह्ये काम तुजं व्हतं. तू खबर दिली न्हाईस. आन आता चवकशी लागली की आमी चोर? आमची पोरं आमी लपवली म्हनून?"

"मी कुठं म्हनतोय तसं?"

"मंग आदी तुजं दे. तुज्या पोरीचं नाव काट. आमी मागनं बघू."

पारावर सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी म्हणालो, "बघतो." बघतो म्हणजे नाही, हे आमच्या वाडीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कोतवालकी गेली तर मी कोण? जिरायत दीड एकर, तेही खडकाळ. पिशवी खांद्यावरून उतरली की मला कुणी ‘या, बसा’ म्हणणार नव्हतं. मी भ्यालो, बस्स.

बुधवारी दुपारी गोरखच्या अंगणातून अश्विनीची किंकाळी आली. अश्विनी म्हणजे गोरखची बायको. थोरली पोरगी गेल्यावर अडीच वर्षांनी तिला मुलगा झाला होता, चांगदेव. सव्वा वर्षाचा, भिंतीला धरून चालायला लागलेला. सकाळपासून त्याला सात वेळा पातळ झालं होतं. मी गेलो तर पोर मांडीवर लुळं पडलेलं. चिमटा घेतला तर पोटाची कातडी तशीच उभी राहत होती. ती कातडी मी ओळखली. इंद्रायणीनंपण ओळखली. माझ्या आईनं मीठ-मोहऱ्या आणल्या होत्या, तिचा हात इंद्रायणीनं धरला.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. झोळी बांदा वो, बघत काय ऱ्हाता!"

घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली. पुढं गोरख, मागं मी. वाडीला कच्चा रस्ता आहे, पण गाडी कुणाकडं नाही; पायवाटेनं डोंगर उतरून फाट्यापर्यंत दीड तास. फुफाट्यानं पाय भाजत होते, बांबू खांद्यात रुतत होता. दोघी बायका बाजूनं पळत होत्या. अश्विनी दर थोड्या वेळानं झोळीत हात घालायची आणि म्हणायची, "हाय, हाय, गरम हाय." फाट्यावर घोडेगावची एसटी नुकतीच निघून गेली होती. कांद्याचा रिकामा टेम्पो आडवा होऊन थांबवला.

दवाखान्यात शीर सापडेना. डाव्या पायाला सुई लागली तेव्हा पोर बारीक रडलं, आणि त्या रडण्यानं अश्विनी खाली बसली. सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला.

"पाणी कुठलं पिता?"

"झिऱ्याचं," गोरख म्हणाला.

"घरात, शेजारी, याआधी लहान मुलाला असं झालंय?"

अश्विनीनं गोरखकडं बघितलं. गोरखनं माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. पोराच्या पायात सुई आहे, थेंब थेंब पाणी त्याला जगवतंय, आणि आम्ही दोघं बापे तिथंही तोंड उघडत नव्हतो. असली जात आमची!

"झालंय," इंद्रायणी म्हणाली. "चार लेकरं गेली. यक माजं, यक हिचं." मग ती माझ्याकडं वळली. "ती कचेरी कुठं हाय तुमची?"

त्या दिवशी कचेरी बंद झाली होती. रात्र दवाखान्याच्या ओसरीवर काढली.  सकाळी चांगदेवनं डोळे उघडून आईचा पदर ओढला. तेवढं बघितलं नि इंद्रायणी उठली. गोरख म्हणाला, "वैनी, मीबी येतो."

साहेबाच्या टेबलापुढं ती उभी राहिली. साडीला अजून कालची घाण. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"मी इंद्रायणी. समृद्धीची आई. मयत लिवायची हाय."

साहेबानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि वही काढली. नाव शोधता शोधता तो सहज वाचून गेला, "समृद्धी कुंडलिक... स्थलांतरित, मामाकडं, मंचर."

 शेजारचा कारकून शिक्के मारत होता, तो थांबला.

"कुणाकडं?" इंद्रायणी म्हणाली.

साहेबानं त्या ओळीवर हात ठेवला.

तिनं माझ्याकडं मान वळवली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "माझ्या भावाकडं? अवो, जित्ती व्हती तवा म्हनत व्हते, यक डाव मंचरला घिऊन चला, माजा भाव पोरीला बघंल. कचेरीचं काम हाय म्हनलात. बाजाराच्या वारी जाऊ म्हनलात. जित्तेपनी मामाचं दार दावलं न्हाई तिला. आन मेल्यावर धाडली?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खरंच. कचेरीत आजवर मला कितीकांनी शिव्या घातल्यात, तलाठ्यानं तर एकदा कागद तोंडावर फेकलेत. पण तसं कधी झालं नव्हतं.

"माजी पोरगी कुटं गेली न्हाई, साहेब," ती म्हणाली. "वड्याच्या वर जांभळाखाली हाय. आखितीच्या आदल्या दिशी, तीन वर्सं झाली. लिवा."

"कारण?" साहेबानं पेन टेकवून विचारलं.

"आत्याबाई म्हनत्यात दिष्ट लागली. ह्ये तर म्हनत्यात, गेलीच न्हाई." तिनं एक श्वास घेतला. "पानी लिवा. मी माझ्या हातानं पाजलं तिला. वाटीनं."

तेव्हा ती रडली. तीन वर्षांचं रडली. टेबलाची कड धरून, पोटातून, ओरडून रडली. साहेब उठून उभा राहिला. कारकुनानं पाण्याचा पेला पुढं केला, तो तिनं घेतला नाही. मीही रडलो, पण माझ्या रडण्याला तिथं कोण विचारतो?

गोरखनं न विचारता अंगठा पुढं केला. "माजी थोरली लिवा. सा म्हैन्यांची. तिचं नाव अजून ठिवलं न्हवतं आमी, नर्सबाईनंच कायतरी लिवलंय."

साहेब म्हणाला, "चिमाजी आणि गेणभाऊंकडं मी आज स्वतः येतो. उशिराची नोंद आहे, शपथेचे कागद लागतील. आणि कुंडलिक, खबर का दिली नाही ते तुम्हाला लेखी विचारावं लागेल. ते मला टाळता येणार नाही."

"इचारा," मी म्हणालो. दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ बोललो.

संध्याकाळी साहेब वाडीत आला. चिमाजीनं थोडी खळखळ केली, पण आत त्याची सून भिंतीला टेकून उभी होती, तीच पुढं येऊन म्हणाली, "मामंजी, माझ्या लेकराला दिवस-वार हाय. मला म्हाईत हाय." झालं. गेणभाऊनं नुसता अंगठा दिला.

शुक्रवारी यादी गेली. बोरदरा चौतिसावरून आठव्यावर. आणि टँकर अकराच होते. अकरावी होती ती खैरवाडी बारावी झाली. खैरवाडीचा कोतवाल दुसरा कुणी नाही, मीच. तो कागद मलाच पोचवायचा होता. शनिवारी भर दुपारी डोंगराच्या पलीकडं गेलो. तिथल्या बाया मला ओळखतात. मी कागद वाचून दाखवला तशी एक म्हातारी म्हणाली, "आमच्यातबी दोन बारकी गेली व्हती की, पावणं. त्यांची लिवायची ऱ्हायली का?" मी म्हटलं, "आजच चला माझ्याबरं." ती म्हणाली, "आता आज? म्हाताऱ्याला इचारते." आणि मला प्यायला पाणी दिलं. गढूळ होतं. मी ते सगळं प्यालो आणि खैरवाडीची दोन नावं कागदावर लिहून साहेबाला नेऊन दिली. तो म्हणाला, पुढच्या यादीला. पुढची यादी कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

इकडं घरी आलो तर आई अंगणात थयथयाट करत होती. इंद्रायणी उंबऱ्याशी केस मोकळे सोडून बसली होती. चूल पेटवली नव्हती. कपाळ पुसलं नव्हतं, पण कुंकू लावलंही नव्हतं.

"काय चाललंय ह्ये?" मी विचारलं.

"सुतक," ती म्हणाली.

"ऐक रं तिचं!" आई कडाडली. "दात न आलेल्याचं सुतक! आन तीन वर्सांनी! आगं, वरीस उलटल्यावर मयत कळली तर नुसती आंगूळ करत्यात!"

"आंगूळीला पानी द्या मंग," इंद्रायणी म्हणाली. "आत्याबाई, दूरदेशी मानूस मेलं की खबर लागल्यापास्नं सुतक धरत्यात, तुमीच शिकवलं मला. माज्या पोरीची खबर परवा लागली सरकारला. गावाला परवा लागली. तिच्या बापाला परवा लागली. म्या धा दिस बसनार. कुनी उठवायचं न्हाई."

आई माझ्याकडं बघत राहिली, मी तिची बाजू घेईन म्हणून. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि इंद्रायणीशेजारी खाली बसलो. आई थोडा वेळ पुटपुटली. मग तीही बसली, थोडी लांब, भिंतीकडं तोंड करून. हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. ठकूबाईलाही बिनदाताची दोन गेली होती, माझ्या आधी. हे मला ठाऊक होतं, पण मी कधी त्यांची नावं विचारली नव्हती. होती की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अश्विनी दवाखान्यातून पोराला घेऊन आली. इंद्रायणीला बघितलं आणि पोर गोरखच्या हातात देऊन आपल्या उंबऱ्याशी तशीच केस सोडून बसली. दुपारी चिमाजीची सून. मग गेणभाऊची. चार दारं, चार बायका. चिमाजी अंगणात येरझाऱ्या घालत होता, पण बोलायची छाती झाली नाही कुणाची. शेजारपाजारच्या बाया भाकरी-कालवण आणून ठेवायला लागल्या, मोठ्या माणसाच्या मयतीला आणतात तशा.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. पार वरच्या वळणापर्यंत धुरळा. शेळ्या धावल्या, बायका हंडे, कळशा, पातेली, पोरांच्या हातात तांबे, जे सापडलं ते घेऊन पळाल्या. हौदात पाइप सोडला. पाणी पांढरंशुभ्र होतं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी ओंजळ भरून वास घेतला त्याचा.

ज्या चार घरांनी तो टँकर आणला, त्या घरची एकही बाई रांगेत नव्हती. सुतकातल्या घरानं सगळ्यांच्या पाण्याला हात लावायचा नसतो. मी लांब बांधावर उभा होतो. बाकीच्या बाया आपला पहिला हंडा भरत होत्या आणि तो आपल्या घरी न नेता या चार दारांपुढं नेऊन ठेवत होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हर अनोळखी होता, मंचरकडचा असावा. विडी ओढत तो बराच वेळ ते बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "भाऊ, वाडीत कुनी गेलंय का?"

"व्हय. चार लेकरं."

त्यानं विडी टाकली. "आरं देवा. कवा?"

"तीन वर्सं झाली, कुनाला चार," मी म्हणालो. "मी हितला कोतवाल. खबर द्यायला मला उशीर झाला."